नेत्याची शुद्ध आणि गरिबाची फाइल

निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवाराला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. अंगावर गुन्हे किती, बँकेत पैसे किती, बायकोच्या नावावर सोनं किती, कर्ज किती, शिक्षण कुठवर, हे सगळं त्यात येतं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मतदाराचा हक्क मानला, म्हणून आपल्याला ते वाचायला मिळतं. माणूस पितो का आणि प्यायल्यावर काय करतो, हा रकाना त्यात नाही. असावा असंही मी म्हणत नाही, खरं कोण भरणार? पण गंमत बघा. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद ठेवायची, असं लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. म्हणजे मत देणारा शुद्धीत असावा याची काळजी कायद्याने वाहिली आहे. ज्याला मत दिलं तो पुढची पाच वर्षं शुद्धीत राहील का, हे ज्याचं त्याने बघायचं.

ख्रिस्ती माणूस या प्रश्नाकडे कसा बघतो, हे इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की उत्तर एका ओळीचं असणार: दारू पाप, म्हणून पिणारा नेता नको. तसं नाहीये. उलट, आमच्याबद्दलची दुसरी समजूत अगदी विरुद्ध टोकाची. जुन्या हिंदी पिक्चरमधला ख्रिस्ती म्हणजे टोपी वाकडी करून झिंगलेला कोणीतरी मायकल. माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेले काका बाप्तिस्ता १९१६ मध्ये लोकमान्यांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष होते, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. ते कोणाला आठवत नाहीत, मायकल मात्र घरोघरी माहीत. या दोन्ही समजुती बाजूला ठेवून मूळ ग्रंथात काय आहे ते पाहू.

राज्यकर्ता आणि दारू याबद्दल बायबलमधला सगळ्यात थेट उतारा नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायात आहे. लमुएल नावाच्या राजाला त्याची आई चार गोष्टी ऐकवते. राजांना मद्य शोभत नाही, असं ती म्हणते, आणि लगेच कारणही देते. ते कारण बारकाईने वाचण्यासारखं आहे. तब्येत बिघडेल असं ती म्हणत नाही. देव कोपेल, लोक नावं ठेवतील, घराण्याची अब्रू जाईल, यातलंही काही म्हणत नाही. तिचं म्हणणं इतकंच की राजा पिऊन कायदा विसरेल आणि गांजलेल्याच्या न्यायाचा विपर्यास करील. मग पुढे सांगते की ज्याला तोंड नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड, दीनदुबळ्यांचा कैवार घे. मधल्या दोन ओळींत तर ती असंही म्हणून जाते की द्यायचंच तर मद्य मरणाच्या दारातल्याला द्या, दुःखी माणसाला द्या, त्याला त्याचं दुःख विसरू दे. विसरायची सवलत गरिबाला आहे, राजाला नाही.

पुढे जे काही ख्रिस्ती विचारवंतांनी लिहिलं, त्याचं बीज या आईच्या बोलण्यात आहे. राज्यकर्त्याचा संयम ही त्याची खासगी साधना नव्हे, तो न्यायाचाच एक भाग आहे. पेला त्याचा, किंमत दुसऱ्याने मोजायची.

ती किंमत कशी मोजली जाते हे मुंबईत फार लांब जाऊन बघावं लागत नाही. आमच्या ओळखीतल्या एक मावशी नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या बिलात सवलत मिळावी म्हणून शिफारसपत्र घ्यायला एका लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात गेल्या होत्या. वेळ संध्याकाळी साडेसात. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीला साहेबांचा हात जोडलेला फोटो, टेबलावर शिक्का आणि पॅड तयार. पत्र टाइप करून झालं होतं, फक्त सही राहिली होती. पीए म्हणाला, "मावशी, साहेब आता बसलेत. उद्या अकराला या." 'बसलेत' म्हणजे काय, हे मुंबईत कोणाला सांगावं लागत नाही. रांगेतल्या एका माणसाने उलट मावशींनाच सुनावलं, "इथलं काम असेल तर सातच्या आत गाठायचं, माहीत नाही का?" मावशींच्या डिस्चार्जचा कागद अडकला आणि खाटेचं आणखी एका रात्रीचं भाडं बिलात चढलं. साहेब माणूस वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशी सही दिली, चहाही पाजला. मला त्या रांगेतल्या माणसाचं बोलणं जास्त लागलं. अख्ख्या वॉर्डाने आपलं घड्याळ साहेबांच्या पेल्याप्रमाणे लावून घेतलं होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

एस्तेरच्या पुस्तकात याच्याहून भयंकर सही आहे. पारसाचा राजा अहश्वेरोश. त्याचा मंत्री हामान येऊन सांगतो की तुमच्या राज्यात एक विशिष्ट लोक आहेत, ते तुमचे कायदे पाळत नाहीत, त्यांचा नायनाट करायचा हुकूम द्या. वर तिजोरीत चांदी भरण्याचीही लालूच दाखवतो. कोण लोक, हे तो सांगत नाही, आणि राजा विचारतही नाही. बोटातली मुद्रेची अंगठी काढून देतो, तुला वाटेल ते कर म्हणतो. जासूद हुकूम घेऊन सुटतात. त्यानंतरचं वाक्य असं की राजा आणि हामान प्यायला बसले, आणि इकडे शूशन नगरात गोंधळ माजला. एका वाक्यात वरचा मजला आणि रस्ता दोन्ही. बायबलमधली राजेलोकांची मेजवानी सहसा अशीच कोणाच्या तरी जिवावर बेतते. हेरोदाच्या वाढदिवसाच्या पंगतीत भरल्या सभेत दिलेला शब्द मागे घ्यायची लाज वाटली, म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं तबकात आलं. एला राजा आपल्या कारभाऱ्याच्या घरी पिऊन पडला असताना त्याच्याच सरदाराने त्याला मारलं. बेन-हदाद भर दुपारी आपल्या ३२ मांडलिक राजांसह तंबूत झिंगलेला होता आणि लढाई हरला. यशया संदेष्टा तर एका दमात दोन गोष्टी जोडतो: मद्य पिण्यात पराक्रम गाजवणारे आणि लाच घेऊन अपराध्याला सोडणारे. त्याच्या लेखी ती एकाच टोळीतली माणसं.

इतकं वाचून कोणाला वाटेल की मग दारू न पिणारा नेता म्हणजे प्रश्न मिटला. इथे दावीद राजाची गोष्ट आडवी येते, आणि माझ्या मते ती या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

दावीदाने उरीया नावाच्या आपल्या सैनिकाच्या बायकोला, बथशेबेला, वाड्यावर आणलं. ती गरोदर राहिली. पाप झाकायचं म्हणून त्याने उरीयाला लढाईवरून घरी बोलावून घेतलं, म्हणजे मूल त्याचं म्हणून खपेल. उरीया घरी जायला तयार होईना. सोबती उघड्या रानात तळ देऊन असताना मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा, म्हणाला, आणि राजवाड्याच्या दारातच झोपला. तेव्हा दावीदाने त्याला पंक्तीला बसवून मुद्दाम दारू पाजली. तरी तो घरी गेला नाही. शेवटी त्याला मारायचा हुकूम लिहिलेलं पत्र दावीदाने त्याच्याच हाती सेनापतीकडे पाठवलं. म्हणजे झिंगलेला उरीया नेकीने वागतो, आणि राजा पूर्ण शुद्धीत राहून खुनाचा बेत आखतो. त्याची नशा वेगळी होती. आपल्याला कोण विचारणार, ही ती नशा.

म्हणून ख्रिस्ती परंपरेत 'संयमी' हा शब्द बाटलीपुरता ठेवलेला नाही. मोशेच्या नियमशास्त्रात राजाने काय करू नये याची यादी आहे, बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात: घोडे फार वाढवू नयेत, बायका फार करू नयेत, सोनंरुपं फार साठवू नये. घोडे म्हणजे त्या काळचं सैन्यबळ. दारूचा तिथे उल्लेखही नाही. उलट राजाने नियमशास्त्राची एक नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि ती जन्मभर वाचावी, अशी आज्ञा आहे. का, तर त्याचं मन आपल्या भाऊबंदांवर चढून जाऊ नये. डोक्यात हवा जाऊ नये म्हणून रोजचं वाचन. आपल्याकडचे किती आमदार शपथ घेतल्यावर संविधानाची प्रत पुन्हा उघडतात कोण जाणे. मंत्रिपदाच्या शपथेत निर्भयपणे, निःस्पृहपणे, कोणाविषयी ममत्व किंवा आकस न बाळगता काम करण्याचं वचन मंत्री देतात. लमुएलाच्या आईला ती शपथ ऐकवली असती तर तिला नवीन काही वाटलं नसतं.

आता ख्रिस्ती लोकांमधला मतभेद. तो लपवण्यात अर्थ नाही, कारण मुंबईत एकाच गल्लीत दोन्ही बाजू राहतात. कॅथलिक, अँग्लिकन परंपरेत माफक पिण्याला मनाई नाही. येशूने काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण पाण्याचा द्राक्षारस केला. योहानाच्या शुभवर्तमानात दिलेल्या मापाचा हिशेब केला तर तो पाच-सातशे लिटर भरतो, आणि तोही उत्तम प्रतीचा. मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, म्हणजे ईस्ट इंडियन, घरात लग्नाला खिमाड (मसाल्याची गरम दारू) असतंच. दुसरीकडे मेथडिस्ट मंडळींत प्रभुभोजनालाही आंबवलेला रस चालत नाही, द्राक्षांचा साधा रस असतो. मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे) लोक १८८२ मध्ये मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हापासून त्यांचा 'शिपाई', म्हणजे सदस्य, दारूला शिवणार नाही असं वचन देऊनच भरती होतो. ही मंडळी गरीब वस्तीत काम करणारी. दारूने घर कसं बसतं हे त्यांनी रोज पाहिलेलं. त्यामुळे त्यांच्या कडकपणाला मी भाबडेपणा म्हणणार नाही.

पण नेत्याचा विषय निघाला की दोन्ही बाजू जवळ येतात. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनसने, जो स्वतः द्राक्षारस निषिद्ध मानणारा नव्हता, हाच प्रश्न घेतला: मोठ्या पदावरच्या माणसाला संयम जास्त लागतो का? तरुणांनाही तो लागतोच, पण राजांना आपल्या कामासाठी विशेष लागतो, असं त्याने म्हटलं, आणि त्या चर्चेत लमुएलाच्या आईचं वाक्यही येतं. राज्य चालवायला डोकं ठिकाणावर लागतं, इतकं साधं कारण. आजची कॅथलिक धर्मशिकवण अन्न, दारू, तंबाखू आणि औषधं या चारही गोष्टींचा अतिरेक एका ओळीत घेते, आणि नशेत किंवा वेगाच्या धुंदीत रस्त्यावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला गंभीर दोषी धरते. आपला मोटार वाहन कायदा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की ड्रायव्हरला धरतो. २०२५-२६ मध्ये ज्या मुंबई महापालिकेचं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं, ती चालवणाऱ्यांच्या तोंडापुढे नळी धरणारा हवालदार नाही. हे काम मतदाराचं.

मग सगळ्यांसाठी दारूबंदीच का नको? मुंबईने हे करून पाहिलंय. १९४९ चा दारूबंदी कायदा आला, १९५० पासून पूर्ण बंदी झाली. (चर्चमधल्या वेदीवरच्या द्राक्षारसाला कायद्याने वेगळी परवानगी ठेवली होती.) पुढे काय झालं ते जुन्या माणसांना विचारा. हातभट्ट्या, 'आंटी'चे अड्डे, पोलिसांचे हप्ते. नागरिकाला जबरदस्तीने शुद्धीत ठेवण्याच्या नादात अंमलबजावणी करणारेच बिघडले. कायदा आजही पुस्तकात आहे, म्हणून तर 'परमिट रूम' हा शब्द आहे. आणि स्वस्त, विषारी दारू गरिबाच्या ताटात येतच राहिली. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. माणसाच्या कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये, ज्याने इतरांना इजा होते अशा मोठ्या दोषांपुरतंच थांबावं, असं अक्वायनसच म्हणून गेला आहे. मला ते पटतं. नागरिकाच्या पेल्यात सरकारने फार डोकावू नये; सरकारच्या पेल्यात मात्र नागरिकाने जरूर डोकवावं. आणि वस्तीतल्या बायकांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली तर तो वेगळा प्रकार आहे, तिथे वरून लादणं नाही.

या चर्चेत हमखास येणारा प्रश्न: ख्रिस्ती धर्म तर क्षमेचा. मग पूर्वी पिणारा, पूर्वी खाल्लेला नेता सुधारला तर? क्षमा आणि खुर्ची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे नीट वेगळं करायला हवं. जक्कय हा जकातदार होता, लोकांना नाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. पत्रकार परिषद घेऊन "भावना दुखावल्या असतील तर" असं पुटपुटणं आणि चौपट परत करणं, यात बरंच अंतर आहे. व्यसनाचं म्हणाल तर आज आपण त्याला आजार मानतो, आणि मानावं. वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनसारख्या ठिकाणी माणसं त्यातून उठली आहेत.

अमेरिकेतली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. जॉन टॉवर हे मेथडिस्ट पाळकाचे चिरंजीव, माजी सिनेटर. १९८९ मध्ये त्यांचं नाव संरक्षणमंत्रिपदासाठी आलं आणि त्यांच्या पिण्याची, शस्त्रकंपन्यांशी असलेल्या संबंधांची चर्चा सुरू झाली. मंत्री झालो तर थेंबाला शिवणार नाही, अशी जाहीर शपथ त्यांनी घेतली. सिनेटने ५३ विरुद्ध ४७ मतांनी नाकारलं. त्यात पक्षीय हिशेब होतेच. दुसरे हॅरोल्ड ह्यूज, एकेकाळचे ट्रकचालक आणि पक्के मद्यपी. त्यांनी दारू सोडली, मग आयोवाचे गव्हर्नर झाले, सिनेटवर गेले, आणि व्यसनावरच्या उपचारांसाठी १९७० मध्ये कायदा करून घेतला. आपण मद्यपी होतो हे ते उघड सांगत. फरक मला दिसतो तो क्रमात. एकाने खुर्ची मिळाली तर सोडतो म्हटलं, दुसऱ्याने आधी सोडली आणि खुर्ची नंतर आली.

आणखी एक गाठ सोडवायला हवी. नेता दुर्गुणी असेल तर त्याचा अधिकार मानायचा की नाही? चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असाच वाद पेटला होता: धर्मगुरू नालायक निघाला तर त्याने दिलेला बाप्तिस्मा खोटा का? तिथला बिशप ऑगस्टीन याने ठाम सांगितलं, खोटा नाही. पद माणसाहून मोठं. राज्याच्या बाबतीतही ख्रिस्ती भूमिका साधारण तीच. रोमकरांस पत्रात पौलाने अधिकाऱ्यांचा मान राखायला सांगितलं तेव्हा रोमच्या गादीवर जुलमी सम्राट नीरो होता. म्हणजे झिंगलेल्या मंत्र्याची सही सहीच असते, तुमचा दाखला रद्द होत नाही. पण या शिकवणीचा आधार घेऊन "कसाही असला तरी आपला माणूस आहे" असं म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते: नीरोला कोणी निवडून दिलं नव्हतं. मोशेने मात्र लोकांना सांगितलं होतं, तुमच्यातले शहाणे आणि समंजस तुम्हीच निवडा. आपण त्या लोकांच्या जागी आहोत.

निवडायचं कशावरून? मोशेच्या सासऱ्याने, इथ्रोने, चार गुण सांगितले: कर्तबगार, देवाला भिणारा, सत्याला जागणारा, लाचेचा तिटकारा असणारा. कर्तबगारी पहिली आहे, हे सज्जनपणावर भाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. गटार तुंबलेलं असताना नुसता निर्व्यसनी माणूस काय कामाचा? आणि इथ्रो हा मिद्यानी पुजारी, इस्राएली नव्हे. तेव्हा ख्रिस्ती दृष्टी म्हणजे ख्रिस्ती उमेदवाराला मत, असा अर्थ काढू नये. या गुणांत मी पाचवी एक खूण घालीन: त्याच्याभोवती कोण आहे. दावीदाजवळ नाथान संदेष्टा होता, ज्याने तोंडावर सांगितलं की तो माणूस तूच आहेस. अहाब राजाजवळ चारशे होयबा होते, आणि एकुलत्या एका खऱ्या संदेष्ट्याबद्दल तो म्हणायचा की हा माझ्याविषयी चांगलं कधी बोलतच नाही. उमेदवाराच्या गाडीत बसणारी माणसं बघा, निम्मं उत्तर मिळतं.

इस्राएलचा न्यायाधीश शमुवेल याने म्हातारपणी कारभार सोडताना सगळ्या लोकांसमोर उभं राहून विचारलं होतं: मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाकडून लाच खाल्ली, बोला. लोक म्हणाले, तू कोणाचं काहीच घेतलं नाहीस. पण त्याच शमुवेलाने आपल्या दोन मुलांना न्यायाधीश नेमलं होतं आणि ती दोघं लाच खाऊ लागली होती. घराणेशाहीचा तोटा इतक्या जुन्या काळी लिहून ठेवलाय.

जाता जाता आमच्या घरातलं. 'मद्यपी नसावा, तापट नसावा, द्रव्यलोभी नसावा' ही तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांतली प्रसिद्ध यादी आपण राजकारण्यांना लावतो, पण पौलाने ती लिहिली मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी. आमच्या भायखळ्याच्या मंडळीत एका तरुणाने सूचना मांडली आहे की यंदा कमिटीची निवडणूक घेताना आधी तीतच्या पत्राचा पहिला अध्याय मोठ्याने वाचावा आणि मगच मतपत्रिका वाटाव्यात. सूचना पुढच्या बैठकीवर ढकलली आहे. ढकलणारे कोण, ते सांगितलं तर मला रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर बसावं लागेल.